मागच्या गाडीचे दिवे

नीलांबरीकाकूंना रविवारी मराठी शाळेत आणायचं आणि संध्याकाळी घरी सोडायचं, हे काम राजीव तीन हिवाळे करत होता. ते त्याला कुणी नेमून दिलेलं नव्हतं, आणि ते कुणी काढून घेईल असंही त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

शाळा पार्सिपनीतल्या एका चर्चच्या तळघरात भरायची, दुपारी दोन ते साडेचार. काकू राहायच्या वीस मैल वर, डोंगरातल्या स्पार्टाला. वय एकाहत्तर. अडुसष्ट साली सांगलीहून इथे आल्या, तीस वर्षं पॅथॉलॉजिस्ट म्हणून नोकरी केली, ही शाळाही त्यांनीच सुरू केली. यजमान एकनाथराव जाऊन सहा वर्षं झाली होती. काचबिंदूमुळे डॉक्टरांनी अंधारात गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा राजीवने सहज म्हटलं होतं, मी सोडत जाईन. त्याचं घर शाळेपासून पाच मिनिटांवर होतं. म्हणजे काकूंना आणायला वीस मैल जा, वीस मैल या, आणि संध्याकाळी पुन्हा तेवढंच. त्याची बायको शुभा म्हणायची, "रविवारी ऐंशी मैल. आणि माझ्या आईला एअरपोर्टवरून आणायचं म्हटलं की तुला ट्रॅफिक आठवतं."

राजीवला ते मैल कधी जाणवले नाहीत. काकू गाडीत बसल्या की आधी त्याच्या बोलण्यातल्या चुका काढायच्या, मग आठवड्यात काय वाचलं ते सांगायच्या, आणि डेन्व्हिलच्या पुढे रस्ता मोकळा झाला की जुन्या गोष्टी निघायच्या. एकदा त्यांनी सांगितलं की एकोणसत्तर साली त्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाल्या आणि घरी येऊन पास झाले म्हणून सांगितलं. पुढचे तीन महिने त्या लायसन्सशिवाय हॉस्पिटलला गाडी नेत होत्या. एकनाथरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. "हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही," काकू म्हणाल्या होत्या. राजीवने ते शुभालाही सांगितलं नाही. ते आपल्याकडे ठेवायला दिलंय, असं त्याला वाटायचं.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात यतीन आला. मूळचा नागपूरचा, वय एकतीस, एकटा. आधीची चार वर्षं टेक्सासात, शुगर लँडला काढलेली. त्याने स्पार्टाजवळ तळ्याकाठी भाड्याने घर घेतलं, काकूंच्या घरापासून तीन मैलांवर. त्याला शाळेत शिकवायची हौस होती. तो नवी करकरीत गाडी घेऊन आला, आणि नोव्हेंबरात एका रविवारी सगळ्यांसमोर सहज म्हणाला, "काकू, मी त्याच रस्त्याने येतो, तुम्ही माझ्याबरोबरच येत जा ना. राजीवला उगाच कशाला एवढा फेरा?"

यात नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं, हाच त्रास होता. राजीव हसून म्हणाला, हो, बरोबर आहे. मग असं ठरलं की एक रविवार राजीव, एक रविवार यतीन. ठरलं असं, झालं तसं नाही. डिसेंबरात काकू दोनदा राजीवबरोबर आल्या, जानेवारीत एकदा. फोनवर त्या म्हणायच्या, "अरे, यतीन इथूनच जातोय, तू नको येऊस." आवाजात कुठे दुरावा नसायचा. राजीव फोन ठेवायचा आणि शुभाला सांगायचा की बरं झालं, आज गॅरेज आवरता येईल. गॅरेज काही आवरलं जायचं नाही.

तरी डिसेंबरातला पहिला स्नो पडला तेव्हा यतीनला धडे राजीवनेच दिले. त्या दिवशी त्याला बरं वाटलं. चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये टेक्सासचा हा गडी हातात ब्रश धरून गाडीकडे बघत उभा होता. राजीवने त्याला छपरापासून सुरुवात करायला शिकवलं. नाहीतर ब्रेक मारल्यावर सगळा बर्फ घसरून पुढच्या काचेवर येतो. वायपर आधी उचलून ठेवायला सांगितले. आणि दिव्यांचं सांगितलं, "आधी गाडी सुरू करायची, हेडलाइट लावून ठेवायचे. बाकीची गाडी साफ होईपर्यंत पाच मिनिटांत दिव्यांवरचा बर्फ आपोआप उतरतो. त्यांना स्क्रेपर लावू नकोस, चरे पडतात." राजीवच्या नऊ वर्षं जुन्या गाडीत हे अगदी तसंच व्हायचं. यतीनने मान डोलावली, थँक्स यार म्हणाला, आणि त्यानंतर तो नेमाने तसंच करू लागला.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी शाळा चालू असताना बाहेर भुरभुर चालली होती. शाळा सुटायच्या थोडं आधी राजीव गाडीतून मुलांच्या वह्या आणायला गेला. यतीनची गाडी शेजारीच होती. तो लांबून रिमोटने ती सुरू करून ठेवायचा, काकूंची सीट आधीच गरम व्हावी म्हणून. हेडलाइटही लागलेले होते. दोन्ही दिव्यांवर बोटभर बर्फ तसाच बसलेला होता आणि आतून निळसर पांढरा उजेड येत होता. राजीवने ग्लोव्ह काढून काचेला हात लावला. काच थंडगार होती. गाडी कधीपासून चालू आहे कोण जाणे, म्हणून तो तिथे घड्याळ लावून आणखी सात मिनिटं उभा राहिला. बर्फ जागचा हलला नाही.

तो आत आला तो हे सांगायलाच. खाली चहाच्या टेबलाशी पाच-सहा पालक उभे होते आणि यतीन रंगात आला होता. राजीवला बघून तो म्हणाला, "या, या. राजीव, तुझ्या गाडीचे दिवे बघितले काल रस्त्यावर. अरे, समई आहे का ती? वात कोण सारतं, तू का वहिनी?" सगळे हसले. काकूही हसल्या. राजीवही हसला. मग यतीन म्हणाला, "पण हसू नका हं, आपल्या काकू त्याहून डेंजर. तीन महिने विदाउट लायसन्स! आणि काकांना पत्ता नाही." काकूंनी त्याच्या दंडावर चापट मारली आणि म्हणाल्या, "गाढवा, तुला म्हणून सांगितलं होतं."

राजीवने चहाचा कप घेतला आणि साखर ढवळत राहिला. चहात साखर आधीच होती.

घरी आल्यावर त्याने इंटरनेटवर वाचलं. नव्या गाड्यांतले झेनॉनचे दिवे उजेड जास्त देतात, पण त्यांची पुढची काच तापत नाही. त्यावर बसलेला बर्फ हाताने काढावा लागतो. काही गाड्यांत दिव्यांवर पाणी मारायची सोय असते. यतीनच्या मॉडेलमध्ये ती नव्हती, हेही त्याने शोधून काढलं. मग त्याने यतीनला ईमेल लिहायला घेतली. दोन ओळी लिहून झाल्या. तिसऱ्या ओळीत, मी आधी सांगितलं ते तुझ्या गाडीला लागू नाही, असं लिहायचं होतं. ती ओळ काही केल्या नीट जमेना. काय यार, तुला तुझ्या समईचंच माहीत, असं यतीन पुढच्या रविवारी चारचौघांत म्हणेल, हे त्याला आत्ताच ऐकू येत होतं. त्याने ईमेल पुसून टाकली. पुढचे चार रविवार कोरडे गेले. आठवण आली की तो म्हणायचा, भेटल्यावर सांगू. भेट झाली की दुसरं काहीतरी निघायचं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी चर्चने तळघरात नवा गालिचा घालायचं काढलं, त्यामुळे शाळेची सगळी पुस्तकं हलवायची होती. अकरा खोकी. काकू म्हणाल्या माझ्या गॅरेजमध्ये ठेवू. राजीवची गाडी मोठी, मागची सीट पाडली की सगळी खोकी बसणार. शुभाला आणि मुलीला त्याने आधीच घरी पोचवलं. आज काकू पुढे बसणार, खोकी मागे, हे त्याने सकाळपासून धरूनच ठेवलं होतं. त्याने पुढच्या सीटवरचा कचरासुद्धा काढला होता.

शेवटचं खोकं चढलं तेव्हा सव्वापाच झाले होते आणि स्नो दाट पडायला लागला होता. काकूंनी दोन्ही गाड्यांकडे बघितलं.

"राजीव, तू पुस्तकं घे. मी यतीनच्या गाडीत बसते. ती सीट गरम असते रे, माझ्या कंबरेला बरं पडतं."

"हो काकू, बसा ना," राजीव म्हणाला.

यतीनने गाडी दहा मिनिटं आधी सुरू करून दिवे लावून ठेवले होते. मग त्याने छप्पर झाडलं, काचा झाडल्या, वायपर खाली केले. दिव्यांना हात लावला नाही. राजीव चार पावलांवर उभा होता. दिव्यांवर पातळ थर होता, पण उजेड बाहेर येत होता. एवढा स्नो अंगावर घेऊन काकूंना आणखी कशाला ताटकळत ठेवायचं, असं त्याने स्वतःला सांगितलं. यतीन म्हणाला, तू पुढे हो, मी तुझे टेललाइट बघत येतो. राजीव पुढे झाला.

आय-ऐंशी हायवेवर रस्ता मीठ टाकून ओला होता आणि गाड्या पुष्कळ होत्या. मागच्या काचेत खोकी असल्यामुळे राजीवला बाजूच्या आरशातूनच बघावं लागत होतं. यतीनची गाडी ओळखायला सोपी होती. बाकीचे दिवे पिवळे, त्याचे निळसर. रूट पंधराला लागून चढण सुरू झाली तेव्हा सहा वाजत आले होते. तिथे मीठ पोचलेलं नव्हतं. राजीवच्या चाकांखालून मळकट बर्फाचा रेंदा उडत होता आणि तो सगळा मागे जात होता. आरशात तो निळसर उजेड आधी गढूळ झाला, मग आकसला. यतीन आणखी जवळ आला. जवळ आल्यामुळे रेंदा आणखी बसू लागला. दोन मैलांत डावा दिवा गेला, आणि उजव्याच्या जागी राखाडी डाग उरला.

राजीवला नेमकं काय चाललंय ते समजत होतं. समजून घ्यायला त्याला क्षणभरही लागला नव्हता. त्याला हेही दिसत होतं की आत काकू बसल्या आहेत, आणि थोड्याच वेळात त्या म्हणतील, यतीन, तुझ्या या गाडीत काही दिसत नाही बाबा. मग त्या कधीच त्या गाडीत बसणार नाहीत. कुणाला काही सांगावं लागणार नाही, कुणाशी वाईटपणा नाही. आणखी चार-पाच मैल. रस्त्यावर फारशा गाड्याही नव्हत्या.

जेफरसनच्या पुढे उजव्या हाताला गॅस स्टेशन होतं, दिव्यांनी लख्ख. राजीवचा पाय ब्रेकवर गेला. गाडी हळू झाली. मग त्याने पाय काढला. गॅस स्टेशन मागे पडलं. आरशात आता मागे गाडी आहे हे फक्त माहीत होतं म्हणून कळत होतं.

पुढे मैलभरावर उजवीकडून तळ्याकडचा रस्ता येऊन मिळतो. तिथे एक पिकअप ट्रक थांबलेला होता. राजीवची गाडी जाईपर्यंत तो थांबला, आणि ती जाताच, रस्ता रिकामा समजून, बाहेर आला. राजीवने आरशात पिकअपचे दिवे आडवे पसरलेले पाहिले, त्यांच्या उजेडात यतीनची गाडी अचानक पांढरी उभी राहिलेली पाहिली, आणि लांबलचक हॉर्न ऐकला. दोन्ही उजेड एकमेकांत शिरल्यासारखे झाले. मग पिकअप घसरत पलीकडच्या लेनमध्ये गेला, सावरला, आणि तसाच हॉर्न दाबत खाली निघून गेला. यतीनची गाडी येत होती. दिव्यांशिवाय, काळीच येत होती.

राजीवने रोपांच्या एका बंद नर्सरीसमोर गाडी कडेला घेतली. यतीन मागे थांबला. राजीव उतरून पळतच गेला. दोन्ही दिव्यांवर मुठीएवढा जाड, करडा, टणक बर्फ बसला होता. त्याने तो आधी कोपराने, मग मुठीने फोडला, उरलेला नखांनी खरवडला. काच मोकळी झाली आणि उजेड एकदम त्याच्या डोळ्यांत गेला.

यतीन शेजारी येऊन उभा होता. "मी दहा मिनिटं लावून ठेवले होते रे," तो म्हणाला. "तू पाच सांगितली होतीस, मी दहा ठेवले. मला वाटलं स्नोमुळेच दिसत नाहीये."

राजीव दुसऱ्या दिव्याकडे वळला. काकू काचेआड सरळ बसून होत्या. त्या त्याच्याकडे बघत होत्या की समोर, हे उजेडामुळे त्याला दिसलं नाही. तो यतीनला एवढंच म्हणाला की आता तू पुढे हो, अंतर ठेव, दोन मैलांवर पुन्हा थांबून हात फिरवू.

घरी पोचल्यावर दोघांनी मिळून अकरा खोकी उतरवली. काकूंनी यतीनला चहा विचारला नाही. त्याला म्हणाल्या, तू आधी घरी जा, तीन मैल आहेत, हळू जा, पोचल्यावर फोन कर. तो गेला. मग त्यांनी गॅरेजचं दार अर्धं खाली घेतलं आणि पुस्तकांच्या एका खोक्यावर बसल्या.

राजीव म्हणाला, "काकू, मला आधी कळायला हवं होतं."

"यतीन सारखा म्हणत होता, काही दिसत नाहीये, फक्त राजीवचे दिवे दिसतायत," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच होता. "मी म्हटलं, त्यांच्याच मागे राहा. तो थांबेल. त्या गॅस स्टेशनपाशी तुझा ब्रेक लागला. मी यतीनला म्हटलं, बघ, थांबतोय. आणि मग तुझा ब्रेक सुटला."

राजीवने एक खोकं भिंतीकडे सरकवलं.

"माझे डोळे अधू आहेत. लाल दिवा लागला की विझला, एवढं कळतं मला."

"काकू..."

"पुढच्या रविवारचं मी अजून काही ठरवलेलं नाही," त्या उठत म्हणाल्या. "सावकाश जा."

उतारावर बर्फ काढणारा प्लाउ फिरून गेला होता. डोव्हरजवळच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये राजीवने गाडी घेतली, कारण हात स्टिअरिंगवर नीट बसत नव्हते. नखांखाली रक्त साकळलं होतं. काकूंना गॅस स्टेशनचं कळलं होतं. जानेवारीतलं कळलेलं नव्हतं. ते तसंच राहिलं असतं तर कुणाला कधी कळणारही नव्हतं. तो तिथे पंधरा मिनिटं बसला. मग त्याने यतीनला फोन लावला.

त्याने क्रमाने सांगितलं. दिव्याला हात लावला ती तारीख, ती सात मिनिटं, इंटरनेट, पुसून टाकलेली ईमेल. समईचं आणि लायसन्सचंही सांगितलं, कारण ते गाळलं तर बाकीच्याला काही अर्थ उरत नव्हता. यतीनच्या घरात टीव्ही चालू होता, तो मध्येच बंद झाला.

"काकू गाडीत होत्या, राजीव," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"लायसन्सचं मला कुठे माहीत होतं यार, तुला एकट्याला सांगितलंय म्हणून. मला तर त्यांनी आपलं बोलता बोलता सांगितलं." तो थांबला. मग विचारलं, "हे काकूंना सांगितलंस?"

"नाही."

"मग नको सांगूस. आज त्या खूप घाबरल्यात. तुझ्याबद्दल त्यांना फार माया आहे रे. येताना अर्धा वेळ तुझंच चाललं होतं, राजीव असा आणि राजीव तसा. मला तर कंटाळा आला होता. राहू दे. मी पण नाही बोलणार. फक्त ते दिव्यांना काय लावायचं असतं ते मला सांग, वॅक्स का काय."

राजीवने त्याला सांगितलं. गाडीचं साधं वॅक्स, दिवे कोरडे करून, दोन हात; बर्फ बसतोच, पण हाताने पुसला की निघतो. यतीनने ते लिहून घेतलं, शब्द पुन्हा म्हणून दाखवले, आणि गुड नाइट म्हणून फोन ठेवला.

राजीवला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. नवी गाडी यतीनकडे, गरम सीट त्याच्याकडे, ती गोष्टही त्याच्याकडे, आणि आता हे मोठं मनही त्याच्याचकडे. इतक्या सहज, वॅक्सचं नाव लिहून घेता घेता. यापुढे काकू यतीनला चांगला म्हणतील तेव्हा तो किती चांगला आहे हे फक्त राजीवला माहीत असेल, आणि ते त्याला कुणापाशी बोलता येणार नाही. काकू आपल्याला चांगला म्हणतील तेव्हा यतीन शेजारी उभा राहून गप्प बसेल. ते गप्प बसणं राजीवला सहन होणार नव्हतं. आपल्या मनात चांगुलपणा किती आणि हेवा किती, याची त्याने त्या क्षणी झडती घेतली असती तर हेवाच जास्त निघाला असता, आणि हे त्यालाही माहीत होतं. पण काकूंना सांगायचं असेल तर ते आजच सांगायला हवं होतं. कारण कुठलंही असो.

त्याने काकूंचा नंबर लावला. तिसऱ्या रिंगला त्यांनी उचलला.

"पोचलास?"

"नाही काकू. वाटेत थांबलोय. एक सांगायचं राहिलं. जानेवारीतलं आहे."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. काकू बसल्या असाव्यात.

"सांग," त्या म्हणाल्या.